पिशवीतल्या बारा काकड्या

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत सातवीपर्यंत गेल्या. पुढचं शिक्षण पॉलिहाऊसच्या शेडमध्ये काकडीच्या वेलांना दोऱ्या बांधता बांधता झालं. बारा वर्षं! तिथली काकडी बिनबियांची, सरळसोट, शेंड्यापासून देठापर्यंत एकसारखी.

त्या वर्षी मालकांनी कुठेसं ऐकलं, मधमाश्या ठेवल्या की फळ दुप्पट धरतं. लगेच दोन पेट्या आणून शेडच्या दारातच मांडल्या. महिन्याभरात काकड्या बिघडल्या. देठाशी बारीक, शेंड्याला फुगलेल्या, वाकड्या. कापल्या तर आत बियाच बिया. घेणाऱ्यांनी सगळा माल परत पाठवला.

मालक जाऊबाईंवर घसरले. "पाणी चुकलंय तुमचं. पंधरा दिवसांत माल सुधारला नाही, तर शेड दुसऱ्याच्या हाती देईन."

घरी आल्या त्या धुमसतच. "पाणी मी चुकवीन? तान्ह्या लेकराला पाजावं तसं पाजते!"

"मग बिघडलं काय, ताई?" मी विचारलं.

"अगं, आपल्या वेलाला नुसती मादीफुलं. त्यांना परागाची गरजच नाही, फळ आपसूक वाढतं. पराग नाही म्हणून बी नाही. आता बी धरलं, म्हणजे पराग कुणीतरी आणला. बांधापलीकडे साध्या काकडीचा मळा आहे, आणि दारात या माश्या."

"मग सांगा ना मालकांना."

"त्यांच्या लाडक्या माश्यांबद्दल? मी बोलले तर बहाणा वाटेल. काकडीलाच बोलू दे."

जुन्या पडद्याच्या जाळीच्या आम्ही बारा पिशव्या शिवल्या. शिवताना माझ्या तोंडात देवाचं नाव, त्यांच्या तोंडात दोरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा न उमललेल्या फुलांवर पिशव्या चढवल्या आणि शेजारच्या बारा फुलांना नुसता लाल दोरा बांधला.

"काकू, काकडीला झबली शिवलीत का?" बरोबरच्या बायका हसल्या.

"हो, दृष्ट लागू नये म्हणून," जाऊबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दहाव्या दिवशी मालक आले. सोबत माल तपासणारे साहेबही होते. जाऊबाईंनी चोवीस काकड्या दोन रांगांत मांडल्या आणि सुरी मालकांच्या हातात दिली. "तुम्हीच कापा."

पिशवीतल्या बाराच्या बारा सरळ. आत पांढराशुभ्र गर, बियांच्या जागी नुसत्या पुसट खुणा. लाल दोऱ्याच्या दहा फुगलेल्या, बियांनी गच्च भरलेल्या.

"दोन चांगल्या कशा निघाल्या?" साहेबांनी विचारलं.

"त्या फुलांवर माशी बसली नसेल. पाणी मात्र चोवीसही जणींना एकाच नळीतलं, खतही एकच."

साहेब मोठ्याने हसले. "मालक, परीक्षेत तुम्हीच नापास की हो!"

मालकांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "चुकलो, बाई. आजपासून ही शेड तर आहेच, शेजारचीही तुमच्याच हाती. काय करायचं ते सांगा."

जाऊबाईंचा चेहरा असा उजळला, की माझेच डोळे भरून आले. देवाने ऐकलं म्हणायचं, पण राबले त्यांचेच हात.

"दारं-झरोक्यांना बारीक जाळी लावा," त्या म्हणाल्या. "पेट्या पलीकडच्या मळ्यात द्या. तिथल्या वेलांना माश्या लागतातच. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?"

मालक तसेच पेटीकडे निघाले.

"आत्ता नको, मालक! सगळ्या माश्या घरी परतल्या की उचला. नाहीतर उद्या तुम्हीच फुगलेले दिसाल!"