वीतभर साल

झाडाची साल काढण्याआधी त्याची परवानगी मागणारी बाई मी एकच पाहिली. मिरजगावची सालवाली आत्या. अख्ख्या गावाची ती आत्या. खोडावर हात ठेवून म्हणायची, "घेते रं बाबा वाईच. राग धरू नको." मग विळ्यानं एकाच अंगाची वीतभर साल काढायची आणि जखमेवर शेणमाती लिंपायची. मी हसले की खवळायची. "हसतीस काय? चहूबाजूनं सोललं तर झाड उभ्या उभ्या मरतंय!"

हिरड्या सुजल्या की बाभळीच्या सालीच्या गुळण्या, छातीत धडधडलं की अर्जुनसादड्याची साल दुधात उकळून. पण डॉक्टरची औषधं सोडलेली तिला खपायची नाहीत. "गोळी चालू ठेव. ही वरनं घे," असं ठणकावायची. माझ्या आईला ती हा काढा स्वतः पाजायची, आणि तोंड वाकडं केलं म्हणून वर बोलणीही द्यायची.

अर्जुनसादडा आमच्या कोरड्या भागात कुठे एखादाच. ओढ्याकाठचा तिचा तो तिनं दोघांनाच दाखवला होता. एक मेंढ्या राखणारा धोंडिबा, आणि दुसरी मी.

मी केडगावला शाळेत शिकवते. एकदा माहेरी आले असताना, ती त्याच झाडाची साल काढत होती तेव्हा तिचा व्हिडिओ केला. "मला दाव लोकास्नी. झाड कुठं हाय ते दावू नको," एवढंच ती म्हणाली. मी कसली शहाणी! मागं पूल आणि गावाची पाटी स्वच्छ दिसत होती, तरी घरगुती औषधांच्या एका ग्रुपवर टाकला. कौतुक झालं आणि मी बाईसाहेब हुरळले.

पंधरा दिवसांत कुणीकुणी येऊन झाड पुरुषभर उंचीपर्यंत गोल सोलून नेलं. आत्या रोज जाऊन शेणमाती लावायची, गोणपाट गुंडाळायची. झाड वाळलंच. मी गुपचूप व्हिडिओ काढून टाकला.

"धोंडिबानंच सांगितलं असनार," पुढच्या खेपेला माहेरी आले तेव्हा आत्या मला म्हणाली. "तुमा दोघांबिगर ठावं कुनाला हुतं?"

मी चहा पीत होते. म्हणाले, "असेल."

लाज वाटते लिहिताना. त्या दिवसापासून ती धोंडिबाशी बोलली नाही. तो बिचारा दारात येऊन म्हणायचा, "आत्या, म्या न्हाई वं!" ती उठून आत जायची.

गेल्या वर्षी ती फार थकली. मला बोलावून घेतलं आणि काठी टेकत टेकत लांबच्या एका बांधाशी नेलं. तिथं दुसरा अर्जुनसादडा होता. "ह्यो त्या धोंडिबालाबी म्हाईत न्हाई. आता तू बघ याच्याकडं. तुझ्यावर माजा इस्वास हाय." सगळं ओठांवर आलं होतं, पण मी नुसती मान डोलावली.

महिन्याभरात आत्या गेली. अंत्यविधीला धोंडिबा आला होता, सगळ्यांच्या मागं उभा. परतताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, तुमचं तरी ऐकत हुती ती. म्या न्हाई सांगितलं, येवढं तिला बोलायचं हुतं तुमी."

त्यालाही मी खरं सांगितलं नाही.