कागद मागाहून

एखादं काम चालतंय तसं चालू देणं हा आमच्या साडूंच्या लेखी फौजदारी गुन्हा आहे. मानपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर कामाच्या पद्धती सुधारल्या. निवृत्त झाल्यावर हा माणूस आता घर सुधारायला घेणार, या धास्तीनं माझ्या मेहुणीनंच, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओळखीच्या डॉक्टरांना गाठून साडूंना डोंबिवलीतल्या एका हॉस्पिटलात त्याच कामाला चिकटवून दिलं. तिथले लोक तिला दुवा देत असतील असं वाटत नाही. पहिल्याच आठवड्यात साडूंनी सलाइनचं कपाट हलवलं. "सर, आता आम्हालाही एकदाचं हलवा," मोठ्या सिस्टर वैतागून म्हणाल्या, तर हे गंभीरपणे म्हणाले, "तेही डोक्यात आहे." पेशंट कुठं कुठं खोळंबतो ते कळावं म्हणून एकदा ते स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले आणि वॉर्डबॉयला गेटपासून एक्स-रेपर्यंत ढकलत न्यायला लावलं. नेमके तेव्हाच शहाडचे आमचे एक नातेवाईक तिथं दात दाखवायला आले होते. छताकडं टक लावून चाललेले साडू त्यांनी पाहिले, आणि दुपारपर्यंत ठाण्याच्या नातलगांत रडारड सुरू झाली. साडूंना त्याचं काही नाही. "लिफ्टपाशी फार वेळ जातो," एवढंच म्हणाले.

त्यांचं खरं वैर मात्र केसपेपरच्या खिडकीशी होतं. छातीत कळा येणाऱ्या माणसालाही आधी बाकावर बसवायचं, नातेवाइकानं रांगेत उभं राहून केसपेपर काढायचा, मग डॉक्टर, अशी तिथली रीत. साडू मोठ्या डॉक्टरांशी भांडले, हिशेबाच्या माणसांशी भांडले, वॉचमनलाही सोडलं नाही, आणि ती रीत मोडूनच थांबले. तातडीचा पेशंट दारातून थेट आत, कागद मागाहून.

एका रविवारी सकाळी मी आणि बायको कोपरला त्यांच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता मेहुणी ओट्याला धरून खाली बसली. चेहरा घामानं डबडबला होता, शब्द फुटत नव्हता. रिक्षात साडू तिचा हात धरून बसले. एरवी रिक्षावाल्याला रस्ता शिकवणारा हा माणूस पुलावर टेम्पो आडवा आला तरी नुसता समोर बघत होता. मला मेहुणीइतकीच त्यांचीही भीती वाटायला लागली.

दारात पोचताच वॉर्डबॉयनं तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि पळत आत नेलं. बायको तिच्यामागं धावली. मी वळून पाहतो तर साडू केसपेपरच्या रांगेत जाऊन उभे.

"सर, काकूंना आत घेतलंय," खिडकीतली मुलगी म्हणाली. "कागद नंतर, तुम्हीच ना सांगितलंत?"

"हो," ते म्हणाले, पण हलले नाहीत. पुढच्या बाईंनी त्यांना जागा करून दिली. "नको, तुम्ही आधी आलायत." असं म्हणून ते मागंच थांबले.

मी जवळ गेलो. "चला ना आत."

"आत गेलो की काय ते कळेल हो," ते हळूच म्हणाले.

मी त्यांच्या मागं रांगेत उभा राहिलो. खिडकी जवळ आली की साडू आमच्या मागच्याला पुढं सोडायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर मागं सरकायचो.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. आता धोका नाही." साडूंनी रांग सोडली नाही. "चला लवकर. तुम्ही कुठं आहात म्हणून सारखं विचारतायत त्या."

साडूंनी माझं मनगट धरलं आणि तिच्या खाटेपर्यंत सोडलं नाही.

मेहुणी आता बरी आहे. साडू पुन्हा कामावर जातात, सगळ्यांना पूर्वीसारखाच वैताग देतात. फक्त एखाद्याचा पेशंट आत असताना तो उगाचच रांगेत उभा दिसला, तर त्याला आता हटकत नाहीत. त्याच्या शेजारी जाऊन थोडा वेळ उभे राहतात.