भावोजींची धास्ती

जगात भिण्यासारखं जे जे आहे, त्या सगळ्याला आमचे भावोजी भिऊन चुकले आहेत. आणि जे भिण्यासारखं नाही, त्याला ते अधिकच भितात. लिफ्ट, गल्लीतले सांड, कुकरची शिट्टी, गंगेचं पाणी चढलं तरी आणि उतरलं तरी. अशा माणसाने रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घरात स्वस्थ बसावं की नाही? पण माझी थोरली बहीण काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या संग्रहालयात स्वयंसेविका झाली, आणि तिला एकटीला सोडायचीही भीती, म्हणून हे तिच्या पाठोपाठ आले.

हे संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांचं दालन नव्हे. काशीत येऊन राहिलेली मराठी घरं पूर्वी कशी नांदत, ते तिथे नांदूनच दाखवतात. चूल खरोखर पेटते, आलेले पाहुणे पाटावर जेवतात, हौस असली तर ताक घुसळतात. इथल्या कुटुंबांनी दिलेल्या जुन्या वस्तू रोज वापरायच्या, हाच तिथला नियम. आणि वापरली की वस्तू मोडते, ही भावोजींची पक्की समजूत. आल्या आल्या त्यांनी रवीवर 'कृपया छुएँ नहीं' अशी चिठ्ठी डकवली. चूल पेटली की ते शेजारी भरलेली कळशी घेऊन उभे राहत. एकदा लाकूड जरा तडतडलं, तर त्यांनी अख्खी कळशी ओतली. त्या दिवशी पाहुण्यांना पुरणपोळीऐवजी कटाच्या आमटीवर भागवावं लागलं, तीही बरीच पातळ झालेली.

माकडांचं भय तर बनारसमध्ये कुणालाही असतं. भावोजींना घरच्या यजमानाचं काम होतं आणि डोक्यावर एका घराण्याने दिलेली जुनी पगडी. ती माकडाने पळवू नये म्हणून त्यांनी हनुवटीखालून सुतळी घेऊन गच्च गाठ मारली. एक गाईड पाहुण्यांना घेऊन आला आणि त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "देखिए, पुराने ज़माने में पगड़ी ऐसे ही बाँधी जाती थी." आमची व्यवस्थापिका स्नेहल, इथेच जन्मलेली मुलगी, कळवळून म्हणाली, "काका, सुतळी काढा ना, लोग सच मान लेंगे!"

"मानू देत. पगडी गेली तर ज्यांनी दिली त्यांना मी काय तोंड दाखवू?"

हल्ली घाटावरचे इतर गाईडही सुतळीची माहिती देतात, असं ऐकतो.

ताई मात्र कशालाच भीत नसे. नऊवारी नेसून ती जात्यापाशी बसे. जातं आमच्या आईचं, ताईनेच संग्रहालयाला दिलेलं. ती दळायला लागली की त्याचा आवाज गल्लीपर्यंत जाई, आणि भावोजी येरझारा घालत म्हणत, "अगं, हळू. झिजेल ते."

"दगड आहे तो. तुमच्याआधी नाही झिजायचा," असं म्हणून ती पुढची मूठ घाली.

मग ताईच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, आणि भावोजी भ्यायचे थांबले. चिठ्ठ्या काढून टाकल्या. पगडीची सुतळी सोडली. पाहुण्यांच्या पोरांनी पितळेची घंगाळं बडवली तरी "बजाओ, बजाओ" म्हणाले. त्यांच्या भित्रेपणाला इतकी वर्षं हसलेले आम्ही सगळे तेव्हा घाबरलो.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र त्यांनी दिसेल त्या नर्सला जनरेटरमध्ये डिझेल भरलंय का, ते विचारलं. शेवटी माझ्या भाच्याने हात जोडून त्यांना परत पाठवलं. ते तडक संग्रहालयात आले आणि ताईच्या जागी बसून दळू लागले. आजवर त्यांनी त्या जात्याला बोटही लावलं नव्हतं. खुंटा धड धरता येत नव्हता, गहू इकडेतिकडे उडत होते.

"काका, बस कीजिए, हात सोलवटतील," स्नेहल म्हणाली.

ते थांबेनात. मी समोर बसलो तेव्हा हळूच म्हणाले, "तू गव्हाची वैरण घाल. रिकामं फिरता कामा नये. ती रोज दळते रे. आज थांबलं, तर..."

एरवी मी त्यांची चेष्टा केली असती. पण मलाही भयंकर भीती वाटली, आणि मी मूठमूठ गहू घालत राहिलो. एक बाई दळून बघायला पुढे आल्या, तर भावोजी मान वर न करता म्हणाले, "अभी नहीं, बहनजी. अभी नहीं."

माझ्या खिशातला फोन वाजला. त्यांनी जातं आणखी जोरात फिरवलं.

"उचल. नको, थांब. उचल."

भाचा म्हणाला, "मामा, झालं. आई ठीक आहे." मी ते मोठ्याने सांगितलं. तरी काही फेरे झालेच. मग त्यांनी खुंटा सोडला, जात्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "फार झिजलं का रे?" आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.

ताई परत आली आहे. दळायची तिला मनाई आहे. ती खुर्ची टाकून बसते आणि दळणाऱ्या भावोजींना बोलत राहते, "किती जाड हे! याची पोळी व्हायची का?" पगडीला सुतळी आली, रवीवर चिठ्ठी आली, भावोजींच्या सगळ्या भीती जागच्या जागी परत आल्या, आणि आम्हाला हायसं वाटलं.

त्यातली एक मात्र माझ्याकडे राहून गेली. हल्ली संग्रहालयाकडे जाताना गल्लीच्या वळणावर माझे पाय आपोआप थांबतात. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवतात, "चाचा, साइड!" म्हणून ओरडतात. मी भिंतीला चिकटून उभा राहतो, आणि जात्याचा आवाज कानावर आला की मगच पुढे जातो.