दारावर बांधलेला निंब

माझ्या हातून घडलेली एक चूक मी आजवर फक्त देवीच्या ओट्यावर बसून बोललो. आता ती लिहितो, कारण तिच्यातून मला बाहेर काढलं गेलं तेही सांगायला हवं.

आमचं गाव बाळापूरजवळ. माझ्या पत्नीने जन्मात बिडी ओढली नाही. ओढली मी, पंचवीस वर्षं, ती स्वयंपाक करत असताना चुलीपाशी सोबतीला बसून. आणि फुफ्फुसाचा कर्करोग झाला तिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासणीनंतर समजावून सांगितलं की, शरीरातल्या पेशी वेळ झाली की आपण होऊन मरतात. हिच्या फुफ्फुसातल्या काही पेशींमधलं एक प्रथिन बिघडलं होतं आणि ते त्यांना सारखा 'जगत राहा' असाच निरोप देत होतं. म्हणून त्या मरत नव्हत्या, वाढत होत्या. मी बिडीविषयी विचारलं. हा प्रकार कधीच न ओढणाऱ्यांतही दिसतो, तुमच्या धुराने झाला की नाही ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मला शिक्षा हवी होती, तीही मिळाली नाही. पुढचं त्यांचं बोलणं माझ्या कानांवर पडलं, डोक्यात शिरलं नाही. परतताना रस्त्याकडेच्या कपाशीकडे पाहत पत्नी म्हणाली, "पऱ्हाटीचं पान पिकलं का गळते. माह्यातलं गळून नाई राह्यलं, एवढंच."

तो निरोप अडवणारी गोळी सुरू झाली. रोज एक, सकाळी नऊला. आमच्या भागात ते दिवस वाईट होते. धडधाकट शेतकरी आपल्या हाताने जीव संपवत होते, आणि मी रोज देवीपुढे एका बाईचा जीव मागत होतो.

दहा-बारा दिवसांत पत्नीच्या चेहऱ्यावर आणि छातीवर दाणे उठले. आमच्या घरची रीत अशी की अंगावर दाणे उठले म्हणजे देवी आली. दाराला निंब बांधायचा, फोडणी द्यायची नाही, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही आणि औषधाला तर हातही लावायचा नाही, देवीचा अपमान होतो. मी जिला रोज हाक मारत होतो तीच घरी आली, असं मला वाटलं. मी आनंदाने रडलो आणि गोळ्यांची डबी उचलून देव्हाऱ्यामागे ठेवली.

सात दिवस गेले. दाणे सुकू लागले, पण खोकला वाढला. आठव्या दिवशी दुपारी अकोल्याच्या जुन्या शहरातला एक पिंजारी खांद्यावर पिंजायची धुनकी घेऊन गल्लीत आला. गाद्यांचा कापूस पिंजून देणारा, पन्नाशीतला मुसलमान माणूस. दारावरचा निंब पाहून तो अंगणाबाहेरच थांबला आणि घरात कोणाला देवी आली, असं त्याने विचारलं. त्या अनोळखी माणसाला मी आजारापासून डबीपर्यंत सगळं का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.

"बुखार आहे का बाईले?" त्याने विचारलं.

ताप एकदाही आला नव्हता.

"दादा, बिनतापाची देवी म्या नाई पाह्यली. माह्या भाभीले बी हाच मर्ज. तिले बी असेच दाने आले होते. गोळीचे होत ते. डॉक्टरनं मलम देल्लं, गोळी चालूच ठेवली."

आतून पत्नीचा आवाज आला. "देवी मले आली, अन् डबी तुमी उचलली. मले इचारलं काय?"

मी देव्हाऱ्यामागून डबी काढून आणली. पिंजाऱ्याने धुनकी आमच्या ओट्याला टेकवली आणि दिवसाचं काम सोडून तो आमच्यासोबत भाड्याच्या जीपने अकोल्याला आला. जीप खड्ड्यातून गेली की तो ड्रायव्हरला दटावायचा. डॉक्टर म्हणाले, तेच प्रथिन कातडीतही असतं, गोळी तिथेही त्याला अडवते, म्हणून हे पुरळ. हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, असंही ते म्हणाले. गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली. दोन महिन्यांनी काढलेल्या फोटोत फुफ्फुसातली गाठ निम्म्याहून लहान दिसली.

अकोल्याहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजारी धुनकी न्यायला आला, तेव्हा मदतीचे पैसे घेईना. पत्नीने घरातली जुनी गादी त्याच्यापुढे टाकली. "फुकट नाई देत. पिंज, अन् मंग मजुरी घे." तो हसला आणि कामाला बसला.

त्या दिवशी मी शरमेने दारावरचा वाळलेला निंब काढायला गेलो. पत्नीने हात धरला. "राहू द्या. त्याच्यापाईच तं तो थांबला."

तेव्हा मला कळलं. माझ्या अज्ञानाची खूण म्हणून मी जो निंब काढत होतो, त्यानेच मदतीला दाराशी थांबवलं होतं. देवी आली होती, मी समजलो त्या रूपात नाही, इतकंच.

याला तीन वर्षं झाली. बिडी सुटली, अपराधाची बोच सुटली नाही, आणि ती सुटावी असा हट्टही आता नाही. त्या पेशी कधीतरी गोळीला चुकवून दुसरी वाट शोधतील, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. मी घाबरत नाही. पूर्वी देवीला शरण जाणं म्हणजे आपले हात काढून घेणं, असं मी समजत होतो. आता सकाळी नऊला पत्नी तळहात पुढे करते, मी त्यावर गोळी ठेवतो आणि देवीकडे काही मागत नाही.