मे महिन्यात पोपटी? माझ्या अंगणात नाही!

मंडळी, आज सख्ख्या भावाला पाहुण्यांसमोर तोंडावर नाही म्हटलं, आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

पनवेलबाहेर शेताच्या कडेला माझं एका खोलीचं घर आहे. सकाळी खारघरहून दादा ऑफिसच्या चार माणसांना घेऊन हजर. त्यांना पोपटी खायला घालायची म्हणे! पोपटी म्हणजे भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. हे सगळं थंडीत. दादाने भर मे महिन्यात मॉलमधून फ्रोझन शेंगांची पाकिटं आणली होती, आणि भांबुर्ड्याऐवजी कोबीची पानं!

मी म्हटलं, "दादा, थंडीशिवाय माज्या अंगनात पोपटी नाय लागनार."

"मानसांना सांगून आनलंय मी. माजी इज्जत जाईल. बरं, पाकिटं तरी फ्रीजमध्ये टाक."

"फ्रीज नाय माज्याकडं."

मग कैरी घालून सुका जवळा केला, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पाहुणे बोटं चाटत जेवले. दादा मात्र जाताना पुटपुटला, "रहाते एका खोलीत, आनि तोरा बघा."

आहेच तोरा! एकच खोली आहे, वर्षभराचं सगळं तिच्यात मावत नाही. म्हणून ज्याचा मोसम, त्यालाच मी आत घेते.

आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं का? चुकलं म्हणालात, तरी पोपटी थंडीतच मिळेल.