सतरा नंबरचा हिवाळा

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, डायरीतही नाही. डायरीत तर मुद्दामच नाही — मी डायरी इंग्रजीत लिहिते, आणि हे इंग्रजीत लिहिलं की गुळगुळीत होतं. एकदा झालंय. तेच सांगायचंय.

पण आधी एक. मला लाजाळू म्हणू नका. शाळेपासून सगळे म्हणत आलेत — नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये, घरी पाहुण्यांसमोर, पुढे पुण्याच्या लॅबमध्ये. ‘अनघा बोलत नाही, पण हुशार आहे.’ गप्प बसणाऱ्या माणसाच्या हातून काही वाईट होत नाही, असं लोक धरून चालतात का? चालतात. मी त्यावर बरीच वर्षं काढली आहेत.

माझं काम पेंग्विनांचं होतं. हसलात तरी चालेल, नगरला आमच्या सावेडीत सगळेच हसतात. घरी पंख्याखाली लॅपटॉप उघडून मी अंटार्क्टिकाचे पेंग्विन हिवाळ्यात कुठे जातात ते बघायचे. तिकडच्या उन्हाळ्यात ते किनाऱ्यावर पिल्लं वाढवतात, तेव्हा त्यांच्या पायाला नखाएवढं यंत्र बांधतात. मग ते समुद्रात निघून जातात. पुढच्या उन्हाळ्यात तोच पक्षी परत आला, सापडला, तरच यंत्र हाती येतं. त्यात उजेडाची नोंद असते — दिवस किती लांब होता, भरदुपार कधी झाली — आणि त्यावरून पक्षी कुठे होता ते काढायचं. पाण्याचं तापमानही असतं. हे तापमान लक्षात ठेवा.

यंत्रं बांधायला आमच्या लॅबमधून रोहिणीताई गेली होती. जामखेडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सगळं शिक्षण मराठीतून. बर्फावर आडवं पडून, चोच मारून घेत, तिने एकेका पक्ष्याच्या पायाला पट्टी आवळली होती. परत आल्यावर दंडावरचे काळेनिळे डाग दाखवत म्हणाली होती, “बघ, आमच्याकडचं कोंबडं परवडलं.” तिला पुन्हा जायचं होतं. तिला दुसरं काही नकोच होतं.

हे पेंग्विन हिवाळा बर्फाच्या कडेने काढतात, हे पुस्तकातलं. तरंगता बर्फ टेकायला, खाली खायला. त्या वर्षी समुद्र उशिरा गोठला, तरी बहुतेक पक्षी कडा धरून राहिले. सतरा नंबरचा राहिला नाही. तो उत्तरेला निघाला, उघड्या पाण्यात गेला, आणि आठवडेच्या आठवडे तिथेच.

मी नकाशावरून त्याचे बिंदू पुसून टाकले.

उजेडाच्या नोंदी चुकतात, चुकीचे बिंदू काढावेच लागतात. पण काढण्याआधी तापमानाशी ताडून पाहायचं असतं. मी पाहिलं नाही. का? कंटाळा आला होता. आणि सतरा नंबर नसला की नकाशा फार सुंदर दिसत होता. आमच्या लॅबच्या सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला, म्हणाले, असं स्वच्छ काम हवं. रोहिणीताईने तिच्या तुटक्या इंग्रजीत विचारलं की माझा सतरा नंबर कुठाय? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, यंत्र बिघडलं असावं. एवढंच. कधी न बोलणारी मुलगी बोलली, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

इथवरची चूक मी आळसाच्या नावावर टाकू शकते. पुढची नाही.

दोन दिवसांनी जामखेडहून तिचा आवाज आला, व्हॉट्सॲपवर. चुलत बहिणीचं लग्न होतं, मागे मांडवाचे पाइप खणखणत होते. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. अक्षर न बदलता लिहिते:

“अनघे, ऐक. त्या सतरा नंबरचं आधी तापमान बघ. पानी गरम लागलं आसंल, तर यंत्राचा दोष न्हाई, त्यो खरंच तिकडं गेल्ता. आमच्याकडं मेंढरंवाले बघ, दरसाल खर्ड्याच्या वाटेनं जातेत. औंदा तिकडं चारा न्हाई, तर गेले का त्या वाटेनं? बर्फच न्हाई तर त्यो थांबंल कशाला तिथं? आन् यंत्र मी बांधलंय बाई, वढून बघितलंय. सरांना हे नीट इंग्लिशमधी लिवून दे माझ्या नावानं. तुझं इंग्लिश म्हंजी इस्त्रीचं, माझं पिळून टाकल्यालं.”

मी तापमान पाहिलं. लगेच पाहिलं. पाणी गरम होतं — बर्फाजवळ असतं त्याहून कितीतरी. ती बरोबर होती. पूर्ण बरोबर होती, आणि जे मला दिसायला हवं होतं ते तिला जामखेडच्या मांडवात बसून दिसलं होतं.

मग मी तिच्या नावाने मेल लिहिला. इंग्रजीत, सुंदर इंग्रजीत. त्यात तापमान नव्हतं. मेंढरं नव्हती. त्यात असं होतं की, बांधताना माझ्याकडून कदाचित पट्टी सैल राहिली असावी, त्यामुळे नोंदी बिघडल्या असाव्यात, तरी कृपया समजून घ्यावं.

मी घाबरले होते, असं म्हणू? नाही म्हणणार. एक शब्द तर मी दोनदा बदलून पाहिला, अधिक नम्र वाटावं म्हणून. मजकूर तिला पाठवला. तिने न वाचता सरांकडे पुढे ढकलला, आणि मला लिहिलं, “तू लिवलंस म्हंजी बरूबरच.”

आता तुम्हीच सांगा — सैल बांधलेलं यंत्र वर्षभर समुद्रात पोहणाऱ्या पक्ष्याच्या पायात राहिलं असतं का? परत आलं असतं का? लॅबमध्ये सगळे शिकलेले होते. एकानेही विचारलं नाही. इंग्रजी चांगलं होतं ना.

पुढच्या मोसमात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. हाताला काटेकोरपणा नाही, असं ठरलं. तिचं कंत्राटही संपलं.

आणि तरीही खरी गोष्ट ही नाही. खरी गोष्ट त्यानंतरची. नगरच्या स्टँडवर ती मला भेटली होती, जामखेडच्या गाडीची वाट पाहत. म्हणाली, “मेल वाचला गं मी नंतर.” मी थांबले. आता ती बोलेल, शिव्या देईल — देऊ दे, असं वाटलं. तर ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “खरंच सैल राहिलं आसंल का गं? मला तर वढून बघितल्याचं आठवतंय.”

तिने माझं खोटं स्वतःवर घेतलं होतं. तिला फक्त एक ‘नाही’ हवं होतं. एक शब्द. तो मला मराठीतही येतो.

मी म्हणाले, “होतं गं असं कधी कधी.”

ती हसली, गाडी लागली, ती गेली. आता जामखेडला विज्ञानाचे क्लास घेते. पोरांना पेंग्विनांच्या गोष्टी सांगते म्हणे. सतरा नंबरची सांगत असेल का? आणि सांगत असेल तर शेवट काय करत असेल?

काल मी जुनी फाईल काढली आणि त्याचे सगळे बिंदू परत नकाशावर टाकले. नकाशा आता कुरूप दिसतो. एक रेघ सगळ्यांना सोडून उत्तरेला गेली आहे, तिथे गोल गोल फिरली आहे, आणि ज्या किनाऱ्यावरून निघाली तिथेच बरोबर परत आली आहे. पायात यंत्र घेऊन.

माझं वय, माझा स्वभाव, माझी शाळा — यातलं काही मध्ये आणू नका. मी आणलेलं नाही. जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं.

ही पानं आणि तो नकाशा आधी रोहिणीताईकडे जातील, मग सरांकडे. सरांना मराठी येत नाही. त्यांनी हे दुसऱ्या कुणाकडून इंग्रजीत करून घ्यावं. मी करून देणार नाही.