बांधापासून चाळीस पावलं

करमाड मागं टाकून आत वळलं, की डोंगरांच्या कुशीत एक तलाव लागतो. तीन अंगांनी डोंगर आणि चौथ्या अंगाला मातीचं धरण. रविवारी शहरातली माणसं तिथं गळ घेऊन येतात, धरणाच्या भिंतीवर सतरंजी टाकतात, शेंगा फोडतात आणि पाण्याकडं बघत हमखास म्हणतात, "इथं पाण्याला लागून एखादा तुकडा मिळायला पाहिजे, साहेब."

मी म्हणतो, आमचा आहे. पाण्याखाली सहा एकर आणि पाण्यावर वीस गुंठे.

तलाव झाला तेव्हा मी शाळेत होतो. आमची काळी जमीन गेली, विहीर गेली, राहिली ती वरची मुरमाड पट्टी. दादा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षी एकच वाक्य बोलले. "रान बुडालं, पोरगं तरी वर काढू." आणि काढलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, तेही गणित घेऊन. शहरात उस्मानपुऱ्यात फ्लॅट घेतल्यावर दारावरच्या पाटीवर मी नावापुढं बी.एस्सी. लिहून घेतलं. बायको म्हणाली, "अहो, हल्ली कुणी लिहीत नाही." म्हटलं, ज्यांच्या घरात चार पिढ्या शिकल्यात त्यांनी लिहू नये. मी लिहिणार.

दादांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी आयुष्यात मासळी तोंडात घातली नाही. गळाला हात लावला नाही. गळ्यात तुळशीची माळ. पण त्या तलावात मासा कुठं असतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तलावाचा तळ म्हणजे त्यांचं नांगरलेलं रान. भिंतीवर बसून ते काठीनं दाखवायचे. "त्या तिथं ओढ्याचं वळण हाय. गार पाणी तिथं. तिथं टाका." लोक टाकायचे आणि पाव तासात रोहू बाहेर. "ती लाट दिसती का? खाली गोठ्याची जोती हाय. मरळ तिथंच दडती." मरळ निघायची. पुण्याहून आलेला एक इंजिनियर हजार गोष्टी जोडलेली परदेशी काठी घेऊन सकाळपासून कोरडा बसला होता. दादांनी त्याला फक्त तोंड दुसरीकडं करून बसवलं. पहिल्या फेकीलाच त्याच्या काठीची कमान झाली. जाताना तो दादांच्या पाया पडला. मोठमोठ्या पदवीवाल्यांत मी वावरलोय, पण असं बिनचूक ज्ञान फार थोड्यांकडं बघितलं.

फक्त एक जागा ते सांगत नसत. आमची विहीर.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं, मग मोठे कटले खोल गारव्याला जातात. आमची बांधीव विहीर म्हणजे त्यांचा महालच असणार. विहिरीवर उभं राहिलं की समोरच्या खिंडीत देवळाचा कळस बरोबर मधोमध दिसायचा, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. पण त्या रेषेवर नेमकी कुठं? तिथं बाभळीची खोडं बुडालेली, जाळी फाटायची, म्हणून भोई तिकडं होडी घालत नसत. दादांना विचारलं की म्हणायचे, "इहिरीचं सोडून इचार."

आई गेल्यावर दादांना मी शहरात आणलं. तिसरा मजला. गॅलरीत खुर्ची टाकून ते दिवसभर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी भरून वाहण्याची वाट बघायचे. वाहिली की तेवढंच पाणी दिसायचं. जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस म्हणाले, "तिकडं पट्टीवर एक खोली बांध. रईवारच्या रईवार जाऊन बसत जाईन." दादांनी माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही पहिली वस्तू.

खोली बांधणं अवघड नव्हतं. अवघड होती वाट. आमच्या पट्टीच्या एका अंगाला कडा आहे. दुसऱ्या अंगाला काकांची पट्टी. काका म्हणजे दादांचे चुलतभाऊ, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. गाडीरस्ता त्यांच्या पट्टीतून जातो आणि तिथं काकांनी बोरी-बाभळीचं असं काटेरी कुंपण घातलं होतं की मांजर जाणार नाही. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण बांध. दादांनी दोघांच्या रानांमधला बांध नांगरानं कोरून कोरून सरकवला, आपलं रान खाल्लं, असं काकांचं म्हणणं. बांध दोन पुरुष पाण्याखाली जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. भांडण मात्र वरच तरंगत होतं.

मी काकांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि मग विषयावर आले.

"वाट पायजे व्हय? देतो की. तुझ्या बापानं एकदा तोंडानं म्हणावं, बांध कोरला. बस."

"काका, आता त्या बांधावर मासे अंडी घालतात."

"घालू दे. माशांचं आन् माझं काय वाकडं नाय."

दादांना सांगितलं, तर ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मी कोरला नाय. खोली ऱ्हाऊ दे मग."

ते 'खोली ऱ्हाऊ दे' मला फार लागलं. डोंगरावरनं पायी उतरायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. म्हटलं, निदान एकदा पाण्यावरून तरी नेऊ. मच्छीमार संस्थेच्या भोयाशी माझी ओळख होती, त्याची पत्र्याची होडी होती. वैशाखातला रविवार ठरवला. आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, बांधापासून विहीर किती पावलं होती हो?"

ते डाळ-भात कालवत होते. ध्यान नव्हतं. "चाळीस," म्हणाले.

मला एवढंच पाहिजे होतं. दादांचं पाऊल माझ्याहून आखूड, म्हणून त्यांना गॅलरीत चालायला लावून मी पाऊल मोजलं आणि नायलॉनच्या दोरीला तेवढ्या-तेवढ्या अंतरावर चाळीस गाठी मारल्या. बायको बघत होती. "बी.एस्सी. झाल्याचं सार्थक झालं," म्हणाली.

पाटीवरची अक्षरं मला खरी करून दाखवायची होती, हे लपवत नाही. हिशोब सरळ होता. वरच्या मुरमाड उतारावर दोन शेतांच्या हद्दीचे दोन जुने दगड अजून जागच्या जागी उभे आहेत. तिथं कधी नांगर गेलाच नाही. होडीतून ते दोन दगड एकामागं एक दिसले, की आपण बुडालेल्या बांधाच्या रेषेवर. त्याच वेळी कळस खिंडीत दिसला, की विहिरीच्या रेषेवर. दोन्ही रेषा जिथं छेदतात तिथून आमच्या रानाच्या बाजूला चाळीस पावलं.

सकाळचं कोवळं ऊन, पाणी आरशासारखं. दादा होडीत मधोमध मांडी घालून बसले होते, धोतर गुडघ्यावर घेऊन. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला बघितला मी. पाण्यात हात घालून म्हणाले, "इथं आपली जवारी असायची. कणसं अशी, हातभर." आणि हात बाहेर काढून लांबी दाखवली, त्यावरून पाणी ठिबकत होतं.

मी छेद गाठला. भोयानं तिथं दगड सोडून बाभळीची डहाळी तरंगत ठेवली. तिला दोरीचं टोक बांधून मी निघालो.

"कशावरनं मोजतो रं?" दादांनी विचारलं.

"वरच्या दोन दगडांवरून. सरळ रेष धरली."

 दादा डोंगराकडं बघत राहिले, जणू डोंगर आजच उगवलाय.

चाळिसावी गाठ आली. कळस खिंडीत बरोबर. मी लोखंडी वजन सोडलं. दोन पुरुषांवर ते टेकलं. चिखल. थोडं इकडं, थोडं तिकडं, चिखलच. गळ टाकला. गळाच्या दोरीला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर उभा राहिला तो राहिलाच. अर्धा तास गेला. भोई विडी ओढत म्हणाला, "साहेब, इहीर बी पोहत पोहत गेली वाटतं."

तेवढ्यात काठावरून हाक आली. काका. कुंपणाशी उभे राहून ते सकाळपासून सगळा तमाशा बघत होते. शांत पाण्यावरून आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येतो.

"ए बीएश्शी! काय हुडकतो?"

"विहीर!"

"कुठनं किती मोजली?"

"दगडाच्या रेषेपासून चाळीस!"

काका एवढ्या जोरात हसले की काठावरचे बगळे उडाले. "चाळीस तुझ्या बापाच्या बांधापासनं! दगडाच्या बांधापासनं न्हवं! नऊ पावलं मागं ये. नऊ पावलं त्यानं माझ्या रानात बांध सरकिवला!"

गणित मला त्याच क्षणी कळलं. बांध काकांच्या रानात सरकला, म्हणजे विहिरीपासून लांब गेला. दादांनी चाळीस मोजली ती त्या सरकलेल्या बांधापासून. मी चाळीस मोजली मूळच्या हद्दीपासून. जेवढी पावलं मी चुकलो तेवढाच बांध कोरलेला. म्हणूनच ही विहीर दादा कधी कुणाला दाखवत नव्हते. आणि मी त्यांचा शिकलेला मुलगा, चाळीस गाठींची दोरी घेऊन, भर तलावात त्यांच्याविरुद्ध पुरावा मोजायला आलो होतो.

मी दोरी गुंडाळायला लागलो. "जाऊ द्या दादा. ऊन झालं. परत जाऊ."

 दादांनी पुन्हा पाण्यात हात घातला. मग भोयाला म्हणाले, "मागं घे."

एकतिसावी गाठ आली. मी वजन सोडलं. ते दोन पुरुषांवर दगडाला घासलं, खरखरलं, कडेवरून निसटलं आणि दोरी माझ्या हातातून सरसर आत जायला लागली. जातच राहिली.

काठावर काका दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे. "घावली का?"

मी दोरी सोडत राहिलो.  तेव्हा दादा, ज्यांना गुडघ्यांमुळं जमिनीवरूनही उठवत नव्हतं, माझ्या खांद्यावर जोर देऊन हलत्या होडीत उभे राहिले.

"कडंला लागलाय त्यो!" काठाकडं तोंड करून ते मोठ्यानं म्हणाले. "आजून दोन पावलं मागं यावं लागल. मंग इहिरीच्या मधात येतो." श्वास घेतला. "नऊ न्हवती रं. अकरा व्हती."

आपल्यावरचा आरोप दोन पावलांनी वाढवून कबूल करणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, नंतरही नाही. कोर्टकचेऱ्या, ऑफिसं, सगळीकडं बघितलंय. माणसं नऊची सात करतात.

काकांचे हात कमरेवरून खाली आले. 

"अकरा?" ते म्हणाले.

"चार आपल्या आज्यानं. सात म्या."

"आज्यानं बी?" काका बघतच राहिले. "मला म्हणायचा, तू माझा लाडका हाईस."

दादा हसायला लागले आणि होडी डुगडुगायला लागली, तेव्हा भोयानं त्यांना धरून खाली बसवलं. दोन पावलं मागं आलो. गळ टाकला. देठ उभा राहिला, थरथरला आणि गडप. कटला वर यायला वीस मिनिटं लागली. माझ्या दोन्ही हातांत मावेना, खवले चढत्या उन्हात जुन्या नाण्यांसारखे. दादांनी माळ हातानं झाकून घेतली आणि त्याच्याकडं मान वाकडी करून बघितलं. "लई देखणा हाय. त्या काठावरच्याला नेऊन दे. बांधाला लागून अकरा पावलं त्याचीच की."

होडी काकांच्या काठाला लावली. मी मासा पुढं केला, पण काकांनी आधी दादांना हात दिला. दादा उतरले.  काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून एका दगडावर टाकला आणि दादा त्यावर बसले. मग काका झोपडीतून कुऱ्हाड घेऊन आले आणि कुंपणाशी वाकून बोरीचा पहिला फास, म्हणजे काटेरी फांदी, ओढून काढायला लागले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "व्हय बाजूला. पदवीला काटा लागल."

दोन-तीन फास निघाल्यावर कंबर सरळ करत त्यांनी विचारलं, "गाडी केवढी हाय रं तुझी?"

मी दोन्ही हात पसरून दाखवली.

"आरं, नीट दाव," दगडावरून दादा ओरडले, "न्हाय तर ह्यो एक पाऊल कोरंल!"